अर्धे मैदान, पाव मैदान

२०२१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा क्रिकेट संघ भारतात खेळायला उतरला आणि मार्चअखेरपर्यंत राहिला. चार कसोट्या, पाच टी-ट्वेंटी आणि तीन एकदिवसीय सामने. गावे मात्र तीनच : चेन्नई, अहमदाबाद आणि आपले पुणे. चेन्नईची पहिली कसोटी ५ फेब्रुवारीला सुरू झाली ती रिकाम्या मैदानावर. त्याच मैदानावर १३ फेब्रुवारीला दुसरी कसोटी सुरू झाली तेव्हा निम्म्या खुर्च्या प्रेक्षकांना मोकळ्या केल्या होत्या. अहमदाबादला दोन कसोट्या आणि दोन टी-ट्वेंटी निम्म्या मैदानाच्या हिशेबाने झाले, उरलेले तीन टी-ट्वेंटी रिकाम्या मैदानावर. आणि पुण्यात तिन्ही सामन्यांना एकही प्रेक्षक नाही!

साथ तीच, नियामक मंडळ तेच, पाहुणा संघही तोच. तरीही पन्नासएक दिवसांत एकाच प्रश्नाला इतकी वेगवेगळी उत्तरे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असे काही दिसले की राहवत नाही. साथ चालू असताना प्रेक्षकांना मैदानावर परत येऊ द्यावे की नाही, हा वाद तेव्हा घराघरांत झाला, आमच्या कट्ट्यावर तर रोज व्हायचा. आता साथ ओसरून बरीच वर्षे झाली आहेत. वाद घालणारे निम्मे विसरले, आणि काही राहिलेही नाहीत. म्हणून थोडे सावकाश मागे वळून बघू या.

आधी दरवाजे बंद कसे झाले ते पाहू, कारण परत येण्याच्या गोष्टीचे मूळ तिथेच आहे.

१९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत बेर्गामो गावच्या अटलांटा या फुटबॉल संघाचा स्पेनच्या वॅलेन्सिया संघाशी सामना झाला. बेर्गामोचे स्वतःचे मैदान एवढ्या मोठ्या स्पर्धेला पुरेसे नव्हते, म्हणून सामना मिलान शहरात ठेवला. सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचे गाव, त्यातली माणसे हजारोंनी बस, मोटारी, आगगाड्या भरून मिलानला गेली. मैदानात चाळीस हजारांच्या वर प्रेक्षक. अटलांटाने चार गोल केले, दर गोलाला मिठ्या मारल्या गेल्या, आणि रात्री सगळे आपापल्या घरी परतले. दोनच दिवसांनी इटलीतल्या स्थानिक लागणीची पहिली बातमी फुटली. पुढे मार्चमध्ये बेर्गामोत मृतदेह वाहून नेण्यासाठी लष्करी ट्रक लावावे लागले, ती चित्रे आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. त्या प्रेक्षकांना मी दोष देत नाही. तिथे बसलेल्या एकालाही काही ठाऊक नव्हते.

पण ११ मार्चचे काय? त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ आहे असे जाहीर केले. आणि त्याच रात्री इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विरुद्ध अ‍ॅटलेटिको माद्रिद हा सामना पन्नास हजारांवर प्रेक्षकांसमोर झाला. त्यात माद्रिदहून आलेले सुमारे तीन हजार लोक होते. गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की त्या वेळी खुद्द माद्रिदमध्ये शाळा बंद होत्या आणि स्पेनमधले साखळी सामने प्रेक्षकांविना खेळायचे ठरले होते. म्हणजे या लोकांना आपल्या गावच्या मैदानात जायला बंदी, पण विमानात बसून दुसऱ्या देशाच्या मैदानात जायला मोकळीक. त्याच आठवड्यात चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यतींना चार दिवसांत मिळून अडीच लाखांच्या आसपास लोक आले. बेर्गामोचे अज्ञान आणि लिव्हरपूलचे अज्ञान यांत तीन आठवड्यांचे अंतर आहे. इतिहासात तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, पण साथीत ते फार असतात.

आपल्याकडे त्याच सुमारास राजकोटला सौराष्ट्र आणि बंगाल यांचा रणजीचा अंतिम सामना चालू होता. चार दिवस प्रेक्षक होते, पाचव्या दिवशी, म्हणजे १३ मार्चला, दरवाजे बंद. सौराष्ट्र पहिल्यांदाच रणजी विजेते झाले आणि टाळ्या वाजवायला गावातले कोणी नाही. दक्षिण आफ्रिकेचा संघ धरमशालाचा पावसात वाहून गेलेला सामना सोडून न खेळताच परत गेला. महाराष्ट्र सरकारने त्याच दिवसांत साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. सव्वाशे वर्षे जुने हत्यार पेटीतून काढून पुन्हा वापरले! १८९७ मध्ये याच पुण्यात घरझडतीसाठी गोरे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत शिरले होते, आणि त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडच्या खुनाने झाला. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढेच लक्षात ठेवू की गर्दी थांबवणे हे काम सरकारला कधीच सोपे गेलेले नाही, आणि ते कोण करतो, कशा रीतीने करतो, यालाही महत्त्व असते.

त्या काळात पुष्कळ जण म्हणत होते की असा प्रसंग जगात पहिल्यांदाच आला आहे. तसे मुळीच नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या फुटबॉलच्या मैदानावर काढलेले एक छायाचित्र आहे. प्रेक्षक मुखपट्ट्या बांधून सामना बघत बसले आहेत. कोट-टोप्या बदलल्या तर ते २०२१ चे चित्र म्हणून खपून जाईल.

पण त्याहून बोलका दाखला सिअ‍ॅटल शहराचा. तिथे १९१८ च्या ऑक्टोबरात नाटकगृहे, शाळा, चर्च सगळे बंद केले होते. नोव्हेंबरात महायुद्ध संपले, लोक आनंदाने रस्त्यावर आले, आणि लगोलग बंदी उठली. साथ गेली असे सर्वांनी धरून चालले. मार्च १९१९ मध्ये तिथे बर्फावरच्या हॉकीची मानाची स्पर्धा, स्टॅन्ली चषक, सुरू झाली. सिअ‍ॅटलचा संघ आणि कॅनडातून आलेला माँट्रियलचा संघ. पाच सामने झाले : दोन यांनी जिंकले, दोन त्यांनी, एक बरोबरीत. १ एप्रिलला निर्णायक सामना होता. खेळाला काही तास उरले असताना तो रद्द करावा लागला, कारण माँट्रियलचे बरेचसे खेळाडू तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या व्यवस्थापकाने चषक सिअ‍ॅटलला देऊन टाकायची तयारी दाखवली. सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकाने तो घेतला नाही, आजारी माणसांकडून चषक काय घ्यायचा म्हणून! ५ एप्रिलला माँट्रियलचा जो हॉल हा खेळाडू तिथेच वारला. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही. पुढे चषकावर दोन्ही संघांची नावे कोरली आणि खाली मालिका अपुरी राहिल्याची नोंद केली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की साथ संपली हे ठरवले कोणी? डॉक्टरांनी नव्हे. ते ठरवले युद्ध संपल्याच्या आनंदाने. आपल्याकडे १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत याच तापाची पहिली लाट आली आणि ओसरली. लोक सावरतात न सावरतात तोच सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली, ती कितीतरी भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसे गेली. माझ्या आजीच्या बोलण्यात ‘तापसरीचे वर्ष’ असा उल्लेख यायचा, आणि त्यापुढे ती काही बोलायची नाही. दोन लाटांच्या मधला जो काळ असतो ना, तो फार फसवा असतो. लोक कंटाळलेले असतात, आकडे उतरलेले असतात, आणि कोणीतरी दार उघडायचा अवकाश असतो.

आता २०२१ कडे येऊ. पण त्याआधी दरवाजे उघडा म्हणणाऱ्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर ती एकतर्फी सुनावणी होईल.

२०२० ची आयपीएल अमिरातीत झाली, सप्टेंबर ते नोव्हेंबर, प्रेक्षकांविना. दूरचित्रवाणीवर टाळ्या आणि आरडाओरडा ऐकू यायचा तो ध्वनिमुद्रित. चौकार गेला की कोणीतरी कळ दाबायचा. मला ते ऐकवत नसे, मी आवाज बंद करून बघायचो. तसे पाहिले तर आमच्या पिढीने बहुतेक क्रिकेट न बघताच अनुभवले. ट्रान्झिस्टर कानाला लावून, पानवाल्याच्या दुकानापुढे उभे राहून. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकताना मैदान डोळ्यांसमोर उभे राहायचे. पण त्या वर्णनाच्या मागे जो गलका असायचा तो खऱ्या माणसांचा होता. पंडित बोलायच्या आधी तो गलकाच सांगून टाकायचा की विकेट पडली. तेव्हा मैदानात न गेलेल्या माणसालाही मैदानात गेलेली माणसे लागतातच. हे मला ट्रान्झिस्टरच्या काळात कळले नव्हते, अमिरातीतल्या त्या रिकाम्या मैदानांनी कळवले.

जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात येण्याआधी श्रीलंकेत गॉलला खेळला. तिथेही प्रेक्षकांना बंदी. एक इंग्लिश माणूस आदल्या मार्चमध्ये हीच मालिका बघायला श्रीलंकेत आला होता. मालिका रद्द झाली, तो तिथेच राहिला, दहा महिने! मैदानालगत डचांचा जुना किल्ला आहे, त्याच्या तटावर उभा राहून त्याने सामना बघितला. पोलिसांनी त्याला हुसकावलेही. जो रूटने द्विशतक पुरे केले तेव्हा तटाकडे बॅट उंचावून त्याला दाद दिली. अशा माणसाला ‘घरी बसून टीव्हीवर बघा की’ असे सांगणे म्हणजे वारकऱ्याला विठोबाचे चित्र घरात लावा म्हणण्यासारखेच आहे.

आणि चेन्नई! पहिली कसोटी भारत २२७ धावांनी हरला, रिकाम्या मैदानावर. दुसरीला प्रेक्षक आले. कोहलीने हातांनी खुणा करून त्यांच्याकडून शिट्ट्या मागितल्या, आणि चेपॉकने त्या दिल्या. आर. अश्विन त्याच गावचा. त्याने घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर शतक काढले. समोरच्या टोकाला शेवटचा फलंदाज मोहम्मद सिराज, त्याने स्वतःचेच शतक झाल्यासारखी उडी मारली. भारत ३१७ धावांनी जिंकला. ते बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले. वर्षभर कोंडलेल्या माणसांना चार तास मोकळ्या हवेत आनंद मिळाला तर कोणाचे काय बिघडले? फेब्रुवारीच्या मध्याला देशात रोजचे रुग्ण दहा-बारा हजारांवर आले होते. मैदान उघडे, हवा खेळती. नाटकगृहापेक्षा आणि लग्नाच्या हॉलपेक्षा ते केव्हाही बरे. हा मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करतो.

पण मग २४ फेब्रुवारीला अहमदाबाद आले.

मोटेराचे नवे मैदान जगातले सर्वांत मोठे. एक लाख बत्तीस हजार खुर्च्या. त्याचे उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झाले, त्याला पंतप्रधानांचे नाव दिले, आणि लगेच दिवस-रात्रीची कसोटी सुरू झाली. (ती दोन दिवसांत आटोपली, तो भाग निराळा.) निम्मे मैदान म्हणजे किती? तर सासष्ट हजार. आपल्या वानखेडेच्या दुप्पट माणसे म्हणजे यांचे ‘निम्मे मैदान’! १२ मार्चच्या टी-ट्वेंटीला साठ हजारांच्या वर लोक होते. मास्क काहींच्या तोंडावर, काहींच्या हनुवटीवर, काहींच्या खिशात.

इथे मला टक्केवारीचा हिशेब खटकतो. शाळेत पोरे ‘अर्धा’ म्हटले की मी विचारायचो, ‘कशाचा अर्धा?’ विषाणूला टक्के कळत नाहीत, त्याला माणसे कळतात. आणि खुर्चीवर एकाआड एक बसलेला माणूस तिथे आकाशातून पडत नाही. तो रिक्षाने, बसने येतो. फाटकापाशी रांगेत उभा राहतो, तिथे एकाआड एक कोणी नसते. मध्यंतरात चहा-वड्याला जातो, स्वच्छतागृहात जातो. सुटताना सगळे एकदम सुटतात. खुर्च्यांचा नियम फक्त खुर्चीत बसलेल्या माणसाला लागू पडतो.

शिवाय धोका पत्करणारा एक आणि भोगणारा दुसरा. ‘माझा जीव, मी बघून घेईन’ असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटायचे. दुचाकीवर हेल्मेट न घालणाऱ्याला हे म्हणता येईल कदाचित. साथीत नाही म्हणता येत. सामना बघितला पोराने आणि खोकला लागला आजीला. फाटकावरच्या पोलिसाने, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याने, रात्री मैदान झाडणाऱ्या बाईने कुठे तिकीट काढले होते?

तरी माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. दुसरी लाट मोटेराने आणली असे मी म्हणणार नाही, ते अन्यायाचे होईल. आपल्या विदर्भात ती आधीच उठली होती, अमरावतीत तर २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी होती. माझे म्हणणे असे की साठ हजार माणसे एका ठिकाणी, दिव्यांच्या झगमगाटात, साऱ्या देशाला दाखवणे ही एक दवंडी असते. राजाने दवंडी पिटवावी तशी : ऐका हो ऐका, साथ गेली! हा सामना मैदानात साठ हजारांनी बघितला आणि घरात कोट्यवधींनी. त्या कोट्यवधींनी काय अर्थ घ्यायचा? सोलापूरच्या माणसाने मुलीचे लग्न पन्नास माणसांत का उरकायचे? शाळा बंद आणि मैदान उघडे, हे पाचवीतल्या पोराला कसे समजावायचे? (माझ्या नातवाने विचारले होते. मला उत्तर सुचले नाही.) सिअ‍ॅटलला जे काम युद्धसमाप्तीने केले, ते आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा सामन्यांनी, निवडणुकांच्या सभांनी आणि मग एप्रिलमध्ये हरिद्वारच्या कुंभाने केले. १५ मार्चला गुजरात क्रिकेट संघटनेने उरलेले तीन सामने प्रेक्षकांविना खेळवायचे ठरवले, तिकिटांचे पैसे परत द्यायचे जाहीर केले. शहाणपणा केला. पण दवंडी परत घेता येत नाही.

पुण्याने मात्र हे २७ फेब्रुवारीलाच ठरवले होते. महाराष्ट्र क्रिकेट संघटना आणि मुख्यमंत्री यांची बोलणी होऊन, सामने होतील पण प्रेक्षक नसतील, असे जाहीर झाले. सामने २३, २६ आणि २८ मार्चला. म्हणजे जवळजवळ महिनाभर आधी निर्णय, तोही अहमदाबादचे दरवाजे उघडे असताना. १८९७ ची आठवण ठेवून बघितले तर मला हे विशेष वाटते. आधी सांगितले, कारण सांगितले, संघटनेला बरोबर घेतले. झडती नाही, दंडुका नाही.

गहुंजेचे मैदान शहराबाहेर, द्रुतगती मार्गाच्या कडेला. आसपास डोंगर. सुधीर गौतम, तोच तो अंगावर तिरंगा रंगवून शंख फुंकणारा सचिनचा चाहता, तो पुण्यात आला, आत जायला मिळाले नाही, तर जवळच्या डोंगरावर चढून तिथून झेंडा फडकावत बसला. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला होता. गॉलच्या तटावरचा इंग्रज आणि घोराडेश्वराच्या बाजूच्या डोंगरावरचा हा बिहारी, दोघे सख्खे भाऊच म्हणायचे.

पुण्याच्या या निर्णयावर आमच्या कट्ट्यावर फार भांडण झाले. माझे एक सहकारी होते, शाळेत गणित शिकवायचे, निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी आम्ही भेटायचो. क्रिकेटचे वेड असे की १९७१ च्या मालिकांच्या धावसंख्या तोंडपाठ. गहुंजेला जायचे त्यांनी मालिका जाहीर झाल्यापासून ठरवले होते. प्रेक्षक नाहीत म्हटल्यावर ते भयंकर चिडले. मला म्हणाले, “अहो सर, तुम्ही-आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसे. अजून किती सामने उरलेत आपल्या वाट्याला? तरुणांना सांगा थांबायला, त्यांच्याकडे वेळ आहे. आमच्या हिशेबात दोन वर्षे म्हणजे दोन टक्के नव्हेत, चाळीस टक्के आहेत.” गणिताचा माणूस. मी म्हटले, “सर, आपल्यासाठीच तर बंद केलेय ना?” त्यावर म्हणाले, “मग आपल्याला विचारले कोणी?”

हा प्रश्न मला अजून छळतो. दोन्ही अंगांनी खरा आहे तो. म्हातारपणी मनुष्य केवळ जिवंत राहण्यासाठी जगत नाही. काही गोष्टी पुढे ढकलल्या की कायमच्याच जातात. ज्यांना वाचवण्यासाठी दरवाजे बंद करायचे, त्यांच्याच उरलेल्या दिवसांचा त्यात बळी जातो.

तिन्ही सामने त्यांनी घरीच बघितले. पहिल्या सामन्यात कृणाल पंड्याने पदार्पणातच झटपट अर्धशतक काढले आणि नुकत्याच वारलेल्या वडिलांच्या आठवणीने त्याला बोलवेना, तेव्हा सरांनी मला फोन केला होता. २८ तारखेचा शेवटचा सामना तर शेवटच्या षटकापर्यंत गेला, सॅम करनने एकट्याने ओढत आणला होता, सात धावांनी आपण जिंकलो. त्या दिवशी महाराष्ट्रात चाळीस हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. राज्यभर रात्रीची जमावबंदीही त्याच सुमारास लागली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरांना ताप आला. घरातच कोणीतरी आणला होता, मैदानाचा काही संबंध नाही. प्राणवायूची खाट मिळायला मुलाला दीड दिवस लागला. नऊ दिवस झुंजले आणि गेले. आम्हाला स्मशानात जाता आले नाही.

त्यांचा मुलगा नंतर म्हणाला, “काका, बाबा मॅचला गेले असते तरी चालले असते हो. एवीतेवी...” मी काय बोलणार? पण पुढे अनेक रात्री मी याचा विचार केला. एका आंतरराष्ट्रीय सामन्याला शेकडो पोलीस लागतात, रुग्णवाहिका उभ्या ठेवाव्या लागतात, डॉक्टर ठेवावे लागतात. मार्चअखेरीस पुण्यात यातले काय शिल्लक होते? वीस हजार प्रेक्षकांतले थोडेसेच आजारी पडले असते असे धरा. तेवढ्यांनाही खाट लागली असती. सरांना दीड दिवसाने मिळाली, ती मिळालीही नसती. मुलाला हे मी सांगितले नाही. सांगण्याची ती वेळ नव्हती.

आपल्या महाराष्ट्राने त्या दोन वर्षांत सामन्यांपेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टी सोडल्या होत्या. २०२० आणि २०२१ मध्ये आषाढीच्या पालख्या पायी गेल्या नाहीत. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२० मध्ये लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, त्या मंडळाने आरोग्योत्सव केला, रक्तदान केले. वारी चुकली म्हणून रडणारे म्हातारे वारकरी मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे ‘क्रिकेटला मात्र चला’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे होते?

नुसते प्रेक्षक नसले की भागते असेही नाही म्हणा. २०२१ ची आयपीएल ९ एप्रिलला सुरू झाली, रिकाम्या मैदानांवर. दिल्लीत आणि अहमदाबादेत लोक प्राणवायूसाठी धावत होते आणि रात्री त्याच शहरांत षटकार मोजले जात होते. शेवटी खेळाडूंनाच लागण झाली आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबवावी लागली. १९१९ च्या सिअ‍ॅटलसारखेच. दोन दिवसांनी देशातले एका दिवसातले नवे रुग्ण चार लाखांच्या पलीकडे गेले.

मग प्रेक्षक परत आणायचे तरी केव्हा? याचे उत्तर मला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वानखेडेवर मिळाले. मोटेरा आणि वानखेडे यांच्यामध्ये नऊ महिने आहेत, आणि त्या नऊ महिन्यांत एक गोष्ट घडली : लस. मार्चच्या सुरुवातीला साठीच्या पुढच्यांना आणि दुखणाईतांना नुकतीच ती मिळू लागली होती. मोटेराच्या गर्दीतल्या बहुतेक तरुणांच्या दंडाला सुई लागलेली नव्हती. डिसेंबरात महाराष्ट्र सरकारचा नियम होता की दोन मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश, आणि उघड्या जागी क्षमतेच्या पाव भाग माणसे. न्यूझीलंडविरुद्धची ती कसोटी ३ डिसेंबरला सुरू झाली. ओमायक्रॉनचे नाव आठवड्यापूर्वीच कानावर आले होते, तरी सामना रद्द केला नाही, दरवाजे पुरते लावले नाहीत आणि सताड उघडलेही नाहीत. टक्केवारीला मी मघाशी नावे ठेवली, पण वानखेडेचा पाव म्हणजे आठेक हजार माणसे. चर्चगेटच्या लोकलला तेवढी पेलतात, आणि ती कोणती दवंडीही होत नाही. उलट रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, त्या बघणाऱ्याला सांगत होत्या की अजून पुरते संपलेले नाही.

त्या पाव मैदानाने काय बघितले? एजाज पटेल हा न्यूझीलंडचा फिरकी गोलंदाज. जन्म मुंबईचा, आठ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. त्याने ४ डिसेंबरला भारताचे दहाच्या दहा बळी घेतले, ११९ धावांत. कसोटीच्या इतिहासात असे करणारा तिसराच : १९५६ मध्ये जिम लेकर, १९९९ मध्ये दिल्लीला अनिल कुंबळे, आणि हा. मुंबईत जन्मलेल्या मुलाने मुंबईत, आपल्याच संघाविरुद्ध केलेला पराक्रम. प्रेक्षक उठून उभे राहिले, भारतीय खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. नंतर त्याचा संघ ६२ धावांत गारद झाला आणि सामना आपण ३७२ धावांनी जिंकलो, पण त्याचे कोणाला काय! अश्विनने भारतीय संघाच्या सह्यांचा सदरा त्याला दिला. चेंडू एजाजने मुंबई क्रिकेट संघटनेच्या संग्रहालयासाठी देऊन टाकला.

पुढच्या मार्चमध्ये आयपीएल पुन्हा मुंबई-पुण्यात आली, पाव मैदानानेच सुरुवात झाली. २ एप्रिलला गुढीपाडवा होता, त्या दिवसापासून राज्यातले निर्बंध उठले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मैदाने निम्मी झाली. २९ मे २०२२ ला अंतिम सामना मोटेरावर झाला तेव्हा लाखाच्या वर प्रेक्षक होते. तोपर्यंत ते ठीकच होते.

गहुंजेलाही त्या मोसमात सामने झाले. सरांच्या मुलाने दोन तिकिटे काढली आणि मला घेऊन गेला. पायऱ्या चढताना त्याने माझा हात धरला होता. जागा चांगली होती, साइटस्क्रीनच्या थोडे डावीकडे. सर असते तर चेंडू किती वळतोय ते तिथून नीट दिसले असते.